ताराबाई मोडक आणि कचारगडची मुले

माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या वाटा माणसांनी फुलून जातात. सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळच्या डोंगरात असलेली ही विशाल गुहा म्हणजे अनेक राज्यांतील गोंड समाजाचे श्रद्धास्थान. गोंडी परंपरा असे सांगते, की या गुहेत कोंडली गेलेली मुले पहांदी पारी कुपार लिंगो आणि रायतार जंगो यांच्या पुढाकाराने मुक्त झाली, आणि त्या कामी हिरासुका पाटालीर या वादकाचे संगीत उपयोगी पडले. पुढे लिंगोने या मुलांना जगण्याची रीत शिकविली. मुलांची सुटका आणि मुलांचे शिक्षण या दोन गोष्टी ज्या भूमीच्या पुराणकथेत अशा एकत्र गुंफलेल्या आहेत, त्या भूमीतील मुले आज शाळेत वाचावयास कशी शिकतात, हा प्रश्न केवळ एका तालुक्याचा नाही. त्याचे उत्तर शोधताना ताराबाई मोडक यांच्या चरित्राकडे वळणे अगत्याचे ठरते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या सुधारकी वातावरणात वावरणाऱ्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्यांचे काही काळ वास्तव्य अमरावतीस होते. तथापि तो संसार टिकला नाही. एका लहान मुलीची जबाबदारी घेऊन त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या आणि राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. त्या काळी एखाद्या स्त्रीला हे पद म्हणजे प्रतिष्ठेचे शिखर होते. ताराबाईंनी ते सोडले आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचे काम पत्करले. शिक्षक घडविणाऱ्या विद्यालयाच्या प्रमुखाने लहान मुलांच्या चटईवर पुन्हा विद्यार्थी होऊन बसावे, यातच त्यांच्या पुढील आयुष्याचे बीज आहे.

गिजुभाईंनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले होते आणि मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीला भारतीय रूप देण्याचा प्रयत्न तेथे चालला होता. या पद्धतीत लेखन-वाचनाचा क्रम रूढ शाळेहून निराळा असतो. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून मूल बोट फिरवते, त्याच वेळी त्याचा उच्चार ऐकते. डोळा, कान आणि हात या तिघांना अक्षराची ओळख एकदमच होते. मग सुटी अक्षरे जुळवून ते आपल्या मनातील शब्द मांडते आणि त्यानंतर दुसऱ्याने लिहिलेले वाचू लागते. आपल्याकडील पाटीवर मात्र बाराखडी आधी येते, अर्थ मागाहून येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. घोकून म्हटलेला धडा म्हणजे वाचन नव्हे, आणि उतरवून काढलेला फळा म्हणजे लेखन नव्हे, हे या पद्धतीचे सार होय.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे काम, ‘शिक्षणपत्रिके’च्या मराठी आवृत्तीचे संपादन आणि अध्यापन मंदिरातील शिक्षकांची तयारी या तिन्ही आघाड्यांवर ताराबाई राबल्या. नवे शैक्षणिक विचार इंग्रजी ग्रंथांत अडकून न राहता मराठी शिक्षकाच्या हाती त्याच्या भाषेत पडले पाहिजेत, ही त्यामागील दृष्टी होती. वाचनाची गोडी नसलेला शिक्षक मुलांना ती लावू शकत नाही. म्हणूनच चांगले नियतकालिक हेही शिक्षक-प्रशिक्षणाचेच साधन ठरते. पुढे दादरच्या शिशुविहारातून मुंबईच्या मध्यमवर्गात बालशिक्षणाचा विचार रुजला. येथेच त्या थांबल्या असत्या, तरी इतिहासात त्यांची नोंद झालीच असती.

परंतु १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबई सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. बालविधवा असूनही शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांच्या साथीला आल्या. शहरात यशस्वी झालेली पद्धत खेड्यात जशीच्या तशी चालेना. महागडी साधने परवडणारी नव्हती. तेव्हा शंखशिंपले, खडे, बिया आणि पाने ही साधने झाली. गरिबांची व दलितांची मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतील अंगणात गेली. अंगणवाडी या शब्दाचा उगम या अनुभवात आहे. १९७५ साली केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने तेच नाव देशभर नेले.

१९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात हलविण्यात आले. तेथे मुले गुरांमागे जात, म्हणून शाळा कुरणात गेली आणि कुरणशाळा जन्मास आली. शिक्षिकांचे प्रशिक्षणही याच परिसरात होई. ज्या मुलांना शिकवावयाचे त्यांचे घर, त्यांची भूक आणि त्यांचे बोलणे पाहिल्याखेरीज अध्यापनाची पदविका अपुरी आहे, हा धडा कोसबाडने दिला. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण सन्मान मिळाला आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, हे काम पुढे नेले.

या चरित्राचा कचारगडशी संबंध काय, असे कोणी विचारील. कोसबाडची नक्कल सालेकशात करून भागणार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वारली बोली मराठीच्या गोतातली आहे; गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ३० लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. गोंडीभाषक घरातले मूल पाण्याला ‘येर’ म्हणते. अशा मुलाने पाठ्यपुस्तकातील ‘पाणी’ हा शब्द अक्षरे जुळवून बिनचूक उच्चारला, तरी तो त्याला कळला असे म्हणता येत नाही. शिक्षक मात्र वहीत त्याच्यापुढे ‘वाचता येते’ अशी खूण करून मोकळा होतो. दोष त्या शिक्षकाचा नाही; उच्चार आणि आकलन यांतील अंतर ओळखण्याची तयारी त्याच्याकडून कोणी करून घेतलेलीच नसते.

कायद्याची आणि धोरणाची वाण नाही. प्राथमिक स्तरावर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असे राज्यघटनेचा ३५० ‘अ’ हा अनुच्छेद १९५६ पासून सांगत आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेचा पुरस्कार केला. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट ठेवले. ‘समजून’ हा शब्द येथे कळीचा आहे. तो खरा करावयाचा तर तालुक्याच्या गावी सभागृहात दोन दिवस भाषणे ऐकवून आणि हजेरीपटावर सह्या घेऊन शिक्षक घडणार नाही. प्रशिक्षण त्याच्या वर्गातच झाले पाहिजे. मुलाच्या भाषेतील पन्नास-शंभर शब्द त्याने आधी शिकावेत; मुलांनी सांगितलेली गोष्ट फळ्यावर देवनागरीत उतरवून तोच पहिला धडा करावा; गोंडी जाणणाऱ्या गावकऱ्याला, अंगणवाडी सेविकेला वर्गात मानाने बसवावे; आणि मराठीकडे मुलाला नेताना त्याची भाषा हिरावून न घेता तिचाच पूल करावा. हे सारे एका शिक्षकाच्या उत्साहावर सोडून भागणार नाही. त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागेल, शाळाबाह्य कामांचे ओझे उतरवावे लागेल आणि वर्षभर सोबत करणारा जाणता मार्गदर्शक पुरवावा लागेल.

प्राचार्यपद सोडून चटईवर बसलेल्या ताराबाईंनी शिक्षकाच्या शिक्षणाचे मर्म आपल्या आचरणानेच सांगून ठेवले आहे. मूल शिकत नसेल, तर शिकविणाऱ्याने आपली जागा, आपली साधने आणि प्रसंगी आपली भाषा बदलावी. बोर्डीच्या अंगणात हे शक्य झाले. सालेकशाच्या वर्गात ते अशक्य आहे, असे म्हणण्याचा अधिकार प्रयत्न केल्यावाचून कोणालाच पोहोचत नाही.