वसंत रामजी खानोलकर
वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल, १८९५ – २९ ऑक्टोबर, १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ आणि कर्करोग संशोधक होते. भारतातील विकृतिशास्त्र व वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

शिक्षण व अध्यापन
लंडन विद्यापीठातून १९१८ साली त्यांनी वैद्यकाची पदवी व १९२३ साली विकृतिशास्त्रात एम.डी. मिळवली. भारतात परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेठ गो.सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. पुढे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे ते संचालक झाले.

संशोधन
कर्करोग आणि लोकांच्या राहणीतील सवयी यांचा संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह त्यांनी भारतातील तीन वेगळ्या कर्करोगांचे वर्णन केले: चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना होणारा टाळूचा, चुना-तंबाखू ओठाआड धरल्याने होणारा आणि कमरेला धोतर घट्ट बांधल्याने तेथील त्वचेला होणारा. सातारा, सांगलीसह महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आढळणारी मिश्री लावण्याची चालही याच दृष्टीने अभ्यासण्याजोगी ठरते. कुष्ठरोगावरही त्यांनी संशोधन केले. १९५२ साली परळ येथे स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची उभारणी त्यांनी केली. कमल रणदिवे या त्यांच्या विद्यार्थिनी होत.

किरणोत्सर्ग आणि आरोग्य
अण्वस्त्रचाचण्यांमुळे निर्माण झालेल्या चिंतेतून संयुक्त राष्ट्रांनी १९५५ साली अणुकिरणांच्या परिणामांविषयीची वैज्ञानिक समिती नेमली. खानोलकर तिच्यावर भारताचे प्रतिनिधी होते. समितीचा पहिला अहवाल १९५८ साली प्रसिद्ध झाला. अल्प मात्रेचा किरणोत्सर्ग कितपत घातक असतो, हा त्या काळातील कळीचा प्रश्न होता. किरण ज्या पेशीतून जातात, तिलाच इजा होते असे तेव्हा सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाई.

त्यांच्या निधनानंतर हे गृहीतक अपुरे ठरले. १९९२ साली नागासावा व लिटल यांच्या प्रयोगात एक टक्क्याहून कमी पेशींच्या केंद्रकांतून अल्फा कण गेले असूनही सुमारे ३० टक्के पेशींच्या गुणसूत्रांत बदल आढळले. इजा झालेली पेशी शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गांतून, तसेच भोवतालच्या द्रवात सोडलेल्या रेणूंद्वारे संकेत पाठवते. त्यामुळे शेजारच्या पेशींत ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू वाढून ऑक्सिडेटिव्ह ताण निर्माण होतो आणि डीएनएला इजा पोहोचते. अशा रेणूंचा नाश करणारी विकरे वापरल्यास हा परिणाम कमी होतो, असे प्रयोगांत दिसून आले. मात्र पेशींच्या संवर्धनात आढळणारा हा परिणाम माणसाच्या कर्करोगाच्या धोक्यात किती भर घालतो, याचा निर्णय अद्याप झालेला नाही.

सन्मान व वारसा
भारत सरकारने १९५४ साली त्यांना पद्मभूषण पुरस्काराने गौरवले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांना राष्ट्रीय प्राध्यापक हा बहुमानही लाभला. त्यांनी उभारलेली संशोधन संस्था १९६६ साली टाटा स्मारक केंद्राचा भाग झाली. नवी मुंबईतील खारघर येथे असलेल्या या केंद्राच्या संशोधन संकुलातील 'खानोलकर शोधिका' ही इमारत त्यांच्या नावाने ओळखली जाते.