डागाळलेल्या दातांचे कोडे सोडविणारा दंतवैद्य

वर्ष-दीड वर्ष तारा वागवून दात एका रांगेत येतात. तारा काढल्या जातात आणि ब्रॅकेट जिथे चिकटवले होते त्याच्या कडेने खडूसारखे पांढरे डाग दिसू लागतात. हजारो रुपये खर्चून घेतलेल्या उपचाराचा हा शेवट अनेक पालकांच्या जिव्हारी लागतो. हे डाग टाळण्यासाठी दंतवैद्य ज्या फ्लोराइडवर भिस्त ठेवतात, त्याचा दातांशी असलेला संबंध उजेडात येण्यामागे फ्रेडरिक मॅके या अमेरिकी दंतवैद्याची तीस वर्षांची चिकाटी आहे.

१८७४ साली जन्मलेले मॅके पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पदवी घेऊन १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे व्यवसायासाठी आले. तेथेच जन्मलेल्या बहुतेकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. काहींचे दात तर पुरते चॉकलेटी झालेले. गावाला त्याची सवय झाली होती. कोणी डुकराच्या मांसाला दोष देई, तर कोणी निकृष्ट दुधाला. ग्रंथांत या विकाराचा मागमूस नव्हता. मध्यंतरी काही काळ मॅके यांनी सेंट लुईस येथे वेडेवाकडे दात सरळ करण्याचा व्यवसाय केला. पण कोलोरॅडोचे ते डाग त्यांच्या डोक्यातून गेले नाहीत.

त्या काळचे थोर दंतसंशोधक ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांचा प्रथम या हकिगतीवर विश्वासच बसेना. १९०९ मध्ये ते स्वतः आले, त्यांनी मुलांचे दात पाहिले आणि चकित झाले. १९१५ मध्ये ब्लॅक यांचे निधन होईपर्यंत दोघांनी मिळून काम केले. दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. हे डाग दातांचे आवरण, म्हणजे एनॅमल, घडत असतानाच पडतात. मोठेपणी गावात आलेल्यांना ते होत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण होती. असे डागाळलेले दात सहसा किडत नसत.

मॅके यांचा संशय पाण्यावर होता. १९२३ मध्ये आयडाहो राज्यातील ओकले गावी त्यांना बोलावणे आले. एका उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यापासून मुलांचे दात डागाळू लागले होते. तपासणीत पाण्यात काहीच वावगे सापडले नाही. तरीही मॅके यांनी तो नळ बंद करण्याचा सल्ला दिला आणि गावाने तो मानला! काही वर्षांनी तेथील लहान मुलांना निर्मळ दात आले. पुराव्याविना दिलेला हा सल्ला धाडसाचाच म्हणावा लागेल.

पुरावा १९३१ मध्ये मिळाला. आर्कान्सातील बॉक्साइट या खाणगावातही असेच डाग आढळले होते. अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे रसायनतज्ज्ञ चर्चिल यांनी तेथील पाणी अधिक सूक्ष्म पद्धतीने तपासले. त्यात फ्लोराइडचे प्रमाण भलतेच निघाले. पुढे ट्रेंडली डीन यांनी दाखवून दिले की, लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या पाण्याने दात फारसे डागाळत नाहीत आणि कीडही कमी लागते. १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने ते पाण्यात मिसळण्यास प्रारंभ केला. मॅके १९५९ मध्ये निवर्तले.

तारांभोवतीच्या डागांचे कारण मात्र वेगळे. ब्रॅकेटच्या कडेला अन्नकण व जिवाणूंचा थर साचतो, जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते एनॅमलमधील क्षार ओढून घेते. दुर्लक्ष झाल्यास महिनाभरातही डाग दिसू लागतो. अल्प फ्लोराइड सतत लाभत राहिले तर क्षार पुन्हा बसण्यास मदत होते व आवरण आम्लाला अधिक दाद देत नाही. म्हणूनच फ्लोराइडयुक्त पेस्ट, दंतवैद्याने लावलेले व्हार्निश, तारेखाली शिरणारा बारीक ब्रश आणि शीतपेयांना आवर हे सारे एकत्र लागते. केवळ पेस्टवर विसंबून भागत नाही.

आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. लहानपण अशा गावात गेलेल्या मुलांना तारा बसविताना ते दंतवैद्यांना आधीच सांगावे, म्हणजे जुने डाग कोणते आणि नवे कोणते, हे ओळखता येते.