डेनिस रिची

डेनिस मॅकॲलिस्टर रिची (९ सप्टेंबर १९४१ – १२ ऑक्टोबर २०११) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. सी या प्रोग्रामिंग भाषेचे जनक आणि केन थॉम्पसन यांच्यासह युनिक्स या संचालन प्रणालीचे, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमचे, प्रमुख निर्माते म्हणून ते ओळखले जातात. फाइल, डिरेक्टरी आणि प्रक्रिया यांच्या परस्परसंबंधांची युनिक्समध्ये घडलेली मांडणी आजच्या बहुतेक संचालन प्रणालींत टिकून आहे.

बालपण आणि शिक्षण

रिची यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. त्यांचे बालपण न्यू जर्सीतील समिट या गावी गेले. वडील ॲलिस्टर रिची हे बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. डेनिस यांनी हार्वर्ड विद्यापीठात प्रथम भौतिकशास्त्र आणि नंतर उपयोजित गणित यांचा अभ्यास केला. १९६८ मध्ये त्यांचा प्रबंध लिहून झाला, तथापि पीएच.डी. पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. त्याआधीच, १९६७ मध्ये, ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले होते.

युनिक्स आणि चालू डिरेक्टरी

मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये बाहेर पडली. त्याच वर्षी थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या लहान संगणकावर नव्या प्रणालीस आरंभ केला आणि रिची त्या कार्यात सहभागी झाले. या प्रणालीत चालू असलेल्या प्रत्येक प्रक्रियेला स्वतःची एक चालू डिरेक्टरी असे. नुसते फाइलचे नाव दिले की तिचा शोध तेथून सुरू होई.

एका प्रक्रियेतून दुसरी प्रक्रिया निर्माण करण्याची सोय प्रणालीत आल्यावर मात्र डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा अचानक निकामी झाली. कारण शोधण्यासाठी सर्वांना पुष्कळ डोके खाजवावे लागले. अखेर उलगडा झाला तो असा : आता प्रत्येक आज्ञेसाठी नवी प्रक्रिया जन्माला येत होती. ती आपली स्वतःची डिरेक्टरी बिनचूक बदलत होती आणि लगेच संपत होती. जिने तिला जन्म दिला, ती आज्ञा स्वीकारणारी मूळ प्रक्रिया होती तेथेच राहत होती. म्हणून ही एक आज्ञा मूळ प्रक्रियेच्याच पोटात बसवावी लागली, आणि आजही ती तशीच आहे. १९७९ मध्ये सिडनी येथील परिषदेत सादर केलेल्या निबंधात रिची यांनी ही फजिती आडपडदा न ठेवता नोंदवली.

माउंटची व्यवस्था

रिची व थॉम्पसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात माउंटची कल्पना विशद केली आहे. दुसऱ्या डिस्कवरील संपूर्ण वृक्ष पहिल्या वृक्षातील एका डिरेक्टरीच्या जागी जोडला जातो. वापरणाऱ्याला मात्र एकच अखंड वृक्ष दिसतो. डिस्क काढून घेतल्यावर हिशेब बिघडू नये, म्हणून एका डिस्कवरील डिरेक्टरीतून दुसऱ्या डिस्कवरील फाइलला थेट जोड देण्यास मनाई करण्यात आली.

चालू डिरेक्टरीची नोंद युनिक्स नावाने ठेवत नाही. प्रत्यक्ष डिरेक्टरीच्या नोंदीकडे निर्देश करून ठेवते. खोलीच्या दारावरची पाटी बदलली, तरी आत बसलेला माणूस त्याच खोलीत राहतो, तसेच हे आहे. त्यामुळे एक अडचण संभवते : एखादी प्रक्रिया ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावरच नवा वृक्ष जोडला तर काय व्हावे? युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत अशी डिरेक्टरी वापरात असल्याचे सांगून माउंटला नकार मिळे. लिनक्समध्ये माउंट होते. परंतु आधीपासून आत असलेली प्रक्रिया झाकल्या गेलेल्या जुन्या डिरेक्टरीतच राहते. त्याच मार्गाने नव्याने येणाऱ्याला मात्र नवा वृक्ष दिसतो. उलटपक्षी, जोडलेल्या डिस्कमधील एखादी डिरेक्टरी कोणाची चालू डिरेक्टरी असेल, तर ती डिस्क सामान्यतः विलग करता येत नाही. पेनड्राइव्ह काढताना तो वापरात असल्याची जी सूचना अनेकदा मिळते, तिचे एक कारण हेच असते.

सी भाषा, सन्मान आणि अखेर

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी रिची यांनी सी भाषा घडवली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा त्या भाषेत नव्याने लिहिला गेल्याने प्रणाली इतर संगणकांवर नेणे शक्य झाले. ब्रायन कर्निघन यांच्यासह त्यांनी लिहिलेला सी भाषेवरील ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. थॉम्पसन यांच्यासह त्यांना १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार, १९९८ चे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक आणि २०११ चा जपान पुरस्कार लाभला. बेल प्रयोगशाळेतील त्यांच्याच गटाने पुढे प्लॅन ९ ही प्रणाली विकसित केली. तीत निरनिराळ्या प्रक्रियांना आपापला स्वतंत्र वृक्ष जोडून घेण्याची मुभा आहे.

रिची २००७ मध्ये निवृत्त झाले. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील राहत्या घरी ते मृतावस्थेत आढळले. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांचे निधन त्याच्या आठवडाभर आधी झाले होते. त्या बातमीने जग व्यापले असता रिची यांच्या निधनाची दखल तुलनेने फारच थोड्यांनी घेतली. ॲपलचे संगणक आणि फोनही युनिक्सच्याच परंपरेतील प्रणालीवर चालतात.