स्वामी रामानंद तीर्थ : आपल्या गावचे मुख्याध्यापक



२२ जानेवारी ही स्वामी रामानंद तीर्थांची पुण्यतिथी आणि २६ जानेवारी हा प्रजासत्ताक दिन. दोन्ही एकाच आठवड्यात येतात. अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला स्वामीजींचे नाव आहे. आजारी माणसाला घेऊन आपण तेथे अनेकदा गेलो आहोत. पण नावामागचा माणूस आपल्या तरुणांना फारसा ठाऊक नाही. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ या.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे. तरुणपणी त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले. पुढे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक म्हणून आले आणि १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. १९३५ साली ते अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले.

त्या वेळी आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दीड कोटीहून अधिक प्रजा, पण राज्यकारभारात तिला आवाज नव्हता. सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी लागे. संन्याशाने अशा गोष्टींत का पडावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. स्वामीजींनी जग सोडले नव्हते. स्वतःचा संसार सोडला होता, तो लोकांचा संसार मोकळा व्हावा म्हणून. १९३८ साली शाळा सोडून ते चळवळीत उतरले. स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. स्वामीजींनी सत्याग्रह केला व तुरुंगात गेले. ती बंदी १९४६ साली उठली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, त्या दिवशीही त्यांना अटक झाली.

पुढे रझाकारांनी गावोगाव अत्याचार केले. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. म्हणजे हा लढा हिंदू आणि मुसलमान यांच्यातला नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. त्यानंतरच स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले.

आपण साधारणतः गोष्ट इथेच संपवतो. पण कठीण भाग इथून पुढे सुरू झाला. जुलमी राज्य गेले, तसा सूड आला. मराठवाड्यासह अनेक जिल्ह्यांत निरपराध मुसलमान मारले गेले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा २७ ते ४० हजार असावा, असा अंदाज केला. तो अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. मुक्तीचा आनंद साजरा करताना या मृतांसाठीही प्रार्थना करणे हे आपले कर्तव्य आहे.

लोकशाही एका दिवसात आली नाही. आधी लष्करी प्रशासन, मग १९५० साली नेमलेले मुख्यमंत्री, आणि १९५२ साली प्रौढ मतदानाने निवडलेली १७५ सदस्यांची विधानसभा. निजामाला ठार केले नाही, हाकलून दिले नाही. १९५६ पर्यंत तो राज्यघटनेखाली राजप्रमुख राहिला. काल ज्याची आज्ञा हाच कायदा होता, तो आज कायद्याखाली आला. मुख्य बदल हाच होय. १९८६ साली फिलिपिन्समध्ये आणि १९८९ साली पोलंडमध्ये हुकूमशाही गेली, तेव्हाही लोकांपुढे हाच प्रश्न होता : जुन्या सत्तेचे काय करायचे, आणि आपण नवे जुलमी होणार नाही कशावरून?

स्वामीजींचे उत्तर त्यांच्या वागण्यात दिसते. ते दोनदा लोकसभेवर निवडून गेले, पण मंत्रिपद घेतले नाही. हैदराबाद संस्थानाचे भाषावार विभाजन व्हावे यासाठी मात्र ते झटले. १९५६ साली ते झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते संन्यासीच होते.

इस्राएल लोक मिसर देशातून एका रात्रीत बाहेर पडले, पण मिसरची सवय मनातून जायला अरण्यातली चाळीस वर्षे लागली. ती सवय आपल्यातही आहे. घरात एकाचाच शब्द चालतो, पंचायतीत आणि कधी धर्मग्रामातही. आम्ही धर्मगुरू याला अपवाद नाही. या आठवड्यात प्रत्येकाने एक निर्णय तरी इतरांचे ऐकून घ्यावा. प्रजासत्ताकाची सुरुवात तेथून होते.

प्रभू येशू, ज्याने शिष्यांचे पाय धुतले, तो आपल्याला सत्तेचा खरा अर्थ शिकवो.

आपले धर्मगुरू