एका संपादकाचे ऋण

काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या स्वाधीन एका वृद्ध संपादकाने आपल्या आयुष्याची जी शिदोरी केली, तिच्यात ग्रंथांबरोबर जुन्या हस्तलिखितांचे गठ्ठेही होते. 'सरस्वती' या हिंदी मासिकाकडे छपाईसाठी आलेले ते लेख आणि त्या कविता. मूळ ओळींवर मारलेल्या रेघा, दोन ओळींच्या मधल्या जागेत बसविलेली नवी वाक्ये, बदललेले शब्द, सुधारलेली क्रियापदे यांनी ती पाने भरून गेली होती. ज्यांच्या नावाने हे लेखन प्रसिद्ध झाले, त्यांपैकी काहीजण पुढे हिंदी साहित्याचे मानकरी ठरले. ज्याने ते घासूनपुसून उजळ केले, त्याची सही मात्र त्या छापील लेखांखाली नव्हती. तो हात आचार्य महावीरप्रसाद द्विवेदी यांचा.

द्विवेदीजींचा जन्म 1864 साली रायबरेली जिल्ह्यातील दौलतपूर या खेड्यात झाला. वडील रामसहाय हे कंपनी सरकारच्या फौजेत शिपाई होते. 1857 साली त्यांची पलटण बंडात उठली, तेव्हा ते कसेबसे प्राण वाचवून, साधूच्या वेषात, घरी परतले. पुढे मुंबईस जाऊन त्यांनी वल्लभ संप्रदायाच्या एका गोस्वामींकडे चाकरी धरली. घरी दारिद्र्य होते. लहानगा महावीर पाठीवर डाळपीठ बांधून कोसच्या कोस पायी रायबरेलीच्या शाळेत जाई. पोळ्या करता येत नसत, म्हणून डाळीतच कणकेचे गोळे शिजवून पोट भरी. शिक्षण अर्धवट सुटले आणि तो मुंबईस वडिलांजवळ आला. तेथे त्याने तारखात्याचे काम शिकून घेतले. त्याच मुंबईत त्याला मराठी आणि गुजराती या भाषा येऊ लागल्या. मराठी कवींनी संस्कृत गणवृत्ते किती सहजपणे चालविली आहेत हे त्याने पाहिले आणि तोच प्रयोग पुढे हिंदीत केला. हिंदीच्या इतिहासकारांनीही हा मराठीचा संस्कार नमूद केला आहे. आपल्या भाषेने शेजारणीला केलेली ही मदत आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

रेल्वेच्या नोकरीत द्विवेदीजी पायरी पायरीने वर चढले. झाशीच्या कचेरीत ते मुख्य कारकून झाले आणि त्यांची प्राप्ती दरमहा सुमारे 200 रुपयांपर्यंत गेली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. रिकाम्या वेळात ते लिहीत आणि परखड टीकाही करीत. अलाहाबादच्या इंडियन प्रेसने काढलेल्या एका शालेय पुस्तकावर त्यांनी असेच कठोर परीक्षण लिहिले. इंडियन प्रेसचे मालक चिंतामणी घोष यांनी त्या टीकेचा राग धरला नाही. जो आपल्या पुस्तकातील चुका इतक्या बारकाईने दाखवितो, तोच आपले मासिक नीट चालवील, असा विचार त्यांनी केला. 'सरस्वती' 1900 च्या जानेवारीत सुरू झाली होती. 1903 च्या जानेवारीपासून तिची सूत्रे द्विवेदीजींकडे आली.

नोकरी सांभाळून संपादन, असे काही काळ चालले. पुढे वरिष्ठ साहेबाशी खटका उडाला. हाताखालच्या माणसांनाही भल्या सकाळी कामावर जुंपावे, असा साहेबाचा हुकूम होता. आपण स्वतः येऊ, पण इतरांवर जुलूम करणार नाही, अशी भूमिका द्विवेदीजींनी घेतली आणि राजीनामा दिला. तो मागे घ्यावा म्हणून बरीच मनधरणी झाली. तेव्हा त्यांनी पत्नीचा सल्ला घेतला. थुंकलेले कोणी पुन्हा चाटते काय, अशा अर्थाचा प्रश्न त्या अशिक्षित, ग्रामीण स्त्रीने विचारला आणि वाद मिटला. दोनशे रुपयांच्या जागी टपालखर्च धरून 23 रुपये महिना आला. कानपूरजवळच्या जुही येथील साध्या घरातून 'सरस्वती'चे संपादन होऊ लागले. पुढे ही पत्नी गेली. मूलबाळ नव्हते. तेव्हा द्विवेदीजींनी दौलतपूरला मंदिर बांधून लक्ष्मी आणि सरस्वती यांच्यासोबत तिचीही मूर्ती बसविली. गावाने चेष्टा केली. त्यांनी तिची पर्वा केली नाही.

त्या वेळी हिंदी गद्याला घडी नव्हती. एकच शब्द चार लेखक चार तऱ्हांनी लिहीत. कविता ब्रजभाषेतच शोभते, बोलत्या खडीबोलीत ती रुक्ष होते, असा विद्वानांचा समज होता. मासिकाला लेखकही पुरेसे नव्हते. आरंभीच्या अंकांतील पुष्कळ मजकूर द्विवेदीजींनी निरनिराळी नावे घेऊन स्वतः लिहिला. पण एकट्याने अंक भरणे हे त्यांचे ध्येय नव्हते. त्यांना लेखक तयार करावयाचे होते. शिक्षकाला, कारकुनाला, परगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते पत्र पाठवीत, विषय सुचवीत आणि लेख मागवून घेत. आलेला लेख टाकाऊ वाटला तरी त्यात एक कल्पना चांगली असली, तर तेवढ्यासाठी सारा लेख नव्याने उभा करीत. आपण आजारी पडलो तरी अंकाला उशीर होऊ नये म्हणून पुढील कित्येक महिन्यांचा मजकूर तयार ठेवणे हाही त्यांचा शिरस्ता होता.

झाशीजवळच्या चिरगावचा एक तरुण ब्रजभाषेत कविता करीत असे. द्विवेदीजींनी त्याला खडीबोलीची वाट दाखविली. 1905 साली त्याची 'हेमंत' ही कविता 'सरस्वती'त आली, ती पुष्कळ दुरुस्त्या होऊनच. तरुण दुखावला नाही, शिकला. तो तरुण म्हणजे मैथिलीशरण गुप्त. पुढे राष्ट्राने त्यांना राष्ट्रकवी म्हटले. 1908 साली द्विवेदीजींनी टोपणनावाने एक लेख लिहून, आजवरच्या कवींनी लक्ष्मणपत्नी ऊर्मिलेची उपेक्षा का केली, असा प्रश्न विचारला. मुळात हा विचार रवींद्रनाथांचा. तो द्विवेदीजींनी हिंदीत पेरला आणि गुप्तांच्या 'साकेत' महाकाव्यात तो फळाला आला. गुरूने बी टाकावे, शिष्याने वर्षानुवर्षे खपून पीक काढावे, असा हा व्यवहार होता.

रामचंद्र शुक्लांची आरंभीची कथा 1903 साली, 'बंगमहिला' या नावाने लिहिणाऱ्या राजेंद्रबाला घोष यांची 'दुलाईवाली' 1907 साली, चंद्रधर शर्मा गुलेरींची 'उसने कहा था' 1915 साली आणि प्रेमचंदांची 'पंच परमेश्वर' 1916 साली, या सर्व कथा वाचकांनी पहिल्याने 'सरस्वती'तच वाचल्या. 1914 च्या सप्टेंबरात हीराडोम या कवीची अस्पृश्याची कैफियत मांडणारी कविता आली. ती भोजपुरीत होती. खडीबोलीसाठी अवघ्या हिंदी जगताशी झगडणाऱ्या संपादकाने तिला खडीबोलीचा पेहराव चढविला नाही, तिच्याच बोलीत ती छापली. दुरुस्ती कोठे करावी याबरोबर कोठे करू नये, हेही या शिस्तप्रिय माणसाला कळत होते.

1911 साली एक होतकरू तरुण त्यांच्या हाताखाली 'सरस्वती'त रुजू झाला. राजकारणाची ओढ लागल्याने तो लवकरच बाहेर पडला आणि 1913 साली त्याने कानपूरहून 'प्रताप' सुरू केला. तो गणेश शंकर विद्यार्थी. वारंवार तुरुंगवास सोसून 1931 च्या मार्चमध्ये, कानपूरच्या दंगलीत निरपराधांना वाचविताना, त्यांनी देह ठेवला. द्विवेदीजी स्वतः चळवळीत उतरले नाहीत. पण वाक्य सरळ लिहिण्याची, नेमके बोलण्याची आणि वेळ पाळण्याची जी सवय त्या घरात लागली, ती स्वातंत्र्याच्या कामी आली. पारतंत्र्यात भाषेची सेवा हे पळपुटेपण असते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

द्विवेदीजींच्या मर्यादाही लपविण्याचे कारण नाही. 1905 साली भाषा आणि व्याकरण यांवर लेख लिहून त्यांनी भल्याभल्यांच्या चुका काढल्या, तेव्हा त्यांच्याच लेखातील एक अशुद्ध शब्द पकडून बालमुकुंद गुप्त यांनी मोठा वाद माजविला. त्या वादात द्विवेदीजींचा संतापही उघडा पडला. निराला या तरुण कवीची 'जुही की कली' त्यांनी परत पाठविली. मुक्तछंदाची ती नवी चाल त्यांच्या कानाला मानवली नाही. पुढे छायावादी कवींवर त्यांनी टोपणनावाने कोरडेही ओढले. जो माळी रोपे वाढवितो, त्याला आपल्या वाफ्याबाहेरचे झाड ओळखता येतेच असे नाही. तरीही निरालांनी त्यांच्याविषयीचा आदर सोडला नाही, कारण ज्या खडीबोलीत ते बंड करीत होते, तिची जमीन याच माणसाने नांगरली होती.

1920 साली द्विवेदीजींनी 'सरस्वती'चा निरोप घेतला आणि ते आपल्या खेड्यात परतले. ज्या नागरी प्रचारिणी सभेवर त्यांनी एके काळी टीका केली होती आणि जिने त्यापायी मासिकाशी संबंध तोडला होता, तिलाच त्यांनी आपला ग्रंथसंग्रह दिला. त्याच सभेने 1933 साली त्यांना अभिनंदन ग्रंथ अर्पण केला. मतभेद आणि मनभेद यांतला फरक त्या पिढीला कळत होता. 21 डिसेंबर 1938 रोजी त्यांचे निधन झाले.

ही कहाणी आमच्या किनारपट्टीच्या वाचकांपुढे ठेवण्यास कारण आहे. आपल्याकडे लिहू पाहणाऱ्या तरुणांची वाण नाही. छापून येणे आज अवघड राहिलेले नाही. अवघड झाले आहे ते दुरुस्त होऊन येणे. आलेले लेखन जसेच्या तसे छापणे किंवा मुकाट्याने टोपलीत टाकणे, या दोन्ही वाटा संपादकाला सोयीच्या आहेत. त्या वाटांनी आम्हीही अनेकदा गेलो आहोत, हे कबूल केले पाहिजे. नवोदिताची पाठ थोपटणे म्हणजे त्याला मार्गदर्शन करणे नव्हे. त्याच्या लेखातील दहावी ओळ का फसली, हे त्याला सांगण्यासाठी तो लेख दोनदा वाचावा लागतो, आणि त्या कष्टातच त्याचा खरा सन्मान असतो. आपल्या गावोगावच्या वाचनालयांतून, साहित्य मंडळांतून आणि दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांतून बसलेल्या ज्येष्ठांनी वर्षाकाठी दोन तरुणांची हस्तलिखिते जरी अशी हाती घेतली, तरी या भूमीतील मराठीची चिंता सभा-ठरावांवर सोपविण्याची वेळ येणार नाही. द्विवेदीजींचे ऋण हिंदीने मानले. ते फेडण्याची रीत मात्र कोणत्याही भाषेला खुली आहे.