विल्हेल्म स्टाइनिट्झ : पटावरचा तत्त्वनिष्ठ

बुद्धिबळात डावाचा प्रारंभ कसा करावा याची निवड खेळाडूच्या हाती असते, आणि त्या निवडीत त्याचा स्वभाव उमटल्यावाचून राहत नाही. पहिले अधिकृत जगज्जेते विल्हेल्म स्टाइनिट्झ यांचे चरित्र या दृष्टीने वाचनीय आहे.

स्टाइनिट्झ यांचा जन्म १८३६ साली प्राग येथील एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. उच्च शिक्षणासाठी ते व्हिएन्नास गेले. परंतु तेथे बुद्धिबळाने त्यांना जे बांधून घेतले ते कायमचेच. १८६२ पासून त्यांनी लंडन ही कर्मभूमी केली. प्यादी व मोहरी बळी देऊन प्रतिपक्षाच्या राजावर तुटून पडणे हाच त्या काळी पुरुषार्थ मानला जाई. तरुण स्टाइनिट्झही याच पंथाचे होते. १८६६ साली त्यांनी अँडरसन यांना ८-६ असे नमविले.

पुढे त्यांची दृष्टी पालटली. भक्कम बचाव आणि लहानसहान लाभांचा संचय यांवर विजय उभा राहतो. स्थिती अनुकूल झाल्याखेरीज हल्ला करणे व्यर्थ होय, असा सिद्धांत त्यांनी मांडला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गँबिटमध्ये पांढरा राजा वजिराचा शह पत्करून, किल्लेकोटाचा आश्रय न घेता, पटाच्या मध्यभागीच उभा राहतो. राजा स्वतःचे रक्षण करण्यास समर्थ आहे, ही श्रद्धा त्यांनी अशी पणाला लावली.

१८८६ साली झुकेरटोर्ट यांना हरवून ते जगज्जेते झाले. १८८९ मध्ये हवाना येथे चिगोरिन यांच्याशी गाठ पडली. आक्रमक चिगोरिन इव्हान्स गँबिटमध्ये प्यादे देऊ करीत. स्टाइनिट्झ ते घेऊन कोंडलेल्या स्थितीत चिवटपणे बचाव करीत. जगज्जेतेपद राखले गेले. मात्र १८९०-९१ मध्ये तारेने झालेल्या दोन डावांत स्वतःच पुरस्कारलेल्या खेळ्या खेळून ते दोन्ही डाव हरले. तरीही त्यांनी आपले मत सोडले नाही. त्यांतील घोडा पटाच्या कडेला नेण्याची उपहासास पात्र ठरलेली खेळी १९६३ साली बॉबी फिशर यांनी यशस्वीपणे पुन्हा खेळून दाखविली.

१८९४ साली तरुण इमान्युएल लास्कर यांनी त्यांचे जगज्जेतेपद हिरावून घेतले. १९०० साली न्यूयॉर्क येथे दारिद्र्यात व मनोविकाराने ग्रस्त अवस्थेत त्यांचे निधन झाले. ज्या हट्टापायी त्यांनी काही डाव गमावले, त्याच हट्टाने या खेळाला शास्त्राची बैठक मिळवून दिली. त्यांना पराभूत करणाऱ्या लास्कर यांनीच पुढे आपल्या ग्रंथात त्यांच्या विचारांचा गौरव केला.