बाबू हरदास आणि कामठीची रात्रशाळा

जानेवारी महिना आला की कामठीत एकाच पुरुषाचे स्मरण दोन वेळा केले जाते. 6 तारखेस त्यांची जयंती आणि 12 तारखेस पुण्यतिथी. या दोन तिथींच्या मध्ये अवघ्या सहा दिवसांचे अंतर आहे. आणि त्यांच्या आयुष्याचा विस्तारही 1904 ते 1939 असा अवघ्या पस्तीस वर्षांचाच होता. कन्हान नदीच्या तीरावरील त्यांच्या समाधीपाशी पुण्यतिथीस मोठा जनसमुदाय लोटतो. हे थोर पुरुष म्हणजे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे, अर्थात् सर्वांच्या मुखी असलेले बाबू हरदास एल. एन.

ज्या अभिवादनाने आज देशोदेशीचे लाखो लोक परस्परांस भेटतात, ते ‘जय भीम’ हे अभिवादन 1930 च्या दशकात रूढ करण्याचे श्रेय बाबू हरदासांस दिले जाते. दोन माणसे भेटली असता मुसलमान बांधव एकमेकांस सलाम करतात. आपल्या लोकांजवळ मात्र लाचारीचा जोहारच का असावा, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला आणि त्यातून हे दोन शब्द समाजास मिळाले, असे सांगतात. ही कीर्ती एवढी मोठी आहे की तिच्या छायेत त्यांचे दुसरे कार्य झाकून गेले. कामठीच्या मुलामुलींसाठी त्यांनी जे उभे केले आणि ज्या रीतीने उभे केले, ते आमच्या सभासद कुटुंबांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बाबू हरदासांचा जन्म 6 जानेवारी 1904 रोजी कामठीस झाला. 1821 साली इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसविली आणि तिच्या आधाराने हे गाव वाढले. त्यांचे वडील लक्ष्मणराव हे रेल्वेत कारकून होते. घरात नियमित वेतन येत असल्याने मुलाच्या हाती लवकर मजुरी न पडता पाटी पडली, हे त्या काळच्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबात विरळाच भाग्य होते. नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. तेथेच आर्यसमाजाचे स्वामी ब्रह्मानंद यांजपाशी ते संस्कृत शिकले. जी भाषा आपल्या पूर्वजांच्या कानी पडू नये अशी व्यवस्था होती, ती त्यांनी आत्मसात केली. आपणांस मिळाले ते आपल्या सोबत्यांस का मिळू नये, हा विचार त्यांच्या पुढील सर्व खटपटीच्या मुळाशी दिसतो.

1920 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, साहूबाईंशी त्यांचा विवाह झाला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी नागपुरातून ‘महारठ्ठा’ हे साप्ताहिक सुरू केले. सतरा वर्षांचा मुलगा पत्राचा चालक होतो, ही गोष्ट आजही नवल वाटावी अशी आहे. 1922 मध्ये त्यांनी महार समाजाच्या विखुरलेल्या तरुणांस एकत्र आणून स्वयंसेवकांचे पथक उभारले. वस्तीवर अत्याचार झाल्यास धावून जाणे हे पथकाचे काम होते. परंतु आमच्या मते त्याचा खरा लाभ निराळाच होता. एकेकटा असता जो तरुण मान खाली घालून चाले, तो चारचौघांच्या सोबतीने मान वर करून चालू लागला. स्त्रियांस शिक्षण व कामाचे वळण मिळावे म्हणून त्यांनी महिला आश्रमही काढला.

तथापि रिकाम्या पोटी शिक्षण टिकत नाही, हे ते पुरतेपणी जाणून होते. नागपूर-भंडाऱ्याच्या मुलुखात तेंदूची पाने मुबलक आणि बिडीचा धंदा मोठा. पाने भिजवावी, मापाने कापावी, तंबाखू भरून वळावी, दोऱ्याने बांधावी, असे हे बैठे काम. त्यास घरातील लहानमोठे सारेच हात लागत. मजुरी हजारावर मिळे. आणि तयार मालातील कित्येक बिड्या वाईट म्हणून छाटून टाकल्या की त्यांचा दाम बुडे. ज्या घरात हजाराचा हिशेब पुरा झाला नाही तेथे मुलाची शाळा आधी सुटते. म्हणून बाबू हरदासांनी मजुरांच्याच सहकाराने बिडीचे काम सुरू केले. धंद्याचे मालक आपणच व्हावयाचे, हा त्यातील सारांश. बिडी कामगारांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा देशात 1966 साली झाला. त्यापूर्वी कित्येक वर्षे कामठीच्या या तरुणाने रोगाचे मूळ ओळखले होते.

आता त्यांच्या रात्रशाळेविषयी. 1927 च्या सुमारास कामठीच्या लोकांचे साहाय्य घेऊन त्यांनी ती सुरू केली. तीत 86 मुलगे आणि 22 मुली शिकत होत्या. वाचकांनी या आकड्यांवर क्षणभर थांबावे. एकूण 108 विद्यार्थी, आणि दर पाचांत एक मुलगी! ज्या काळी मुलीस दिवसाच्या शाळेत धाडण्यासही घरोघरी नकार मिळे, त्या काळी बावीस मुलींच्या आईबापांनी त्यांस रात्री अभ्यासास पाठविले. असा विश्वास केवळ व्याख्यानांनी संपादन होत नाही. ज्यांच्या उंबऱ्यावर आपण सुखदुःखात उभे राहिलो, तेच लोक आपली लेक आपल्या भरवशावर सोडतात.

याच सुमारास त्यांनी कामठीत संत चोखामेळा ग्रंथालय स्थापिले. शाळेत अक्षर शिकलेल्या मुलास पुढे वाचावयास पुस्तक न मिळाले तर ते अक्षर दोन वर्षांत पुसले जाते. शाळा आणि ग्रंथालय ही एकाच गाडीची दोन चाके आहेत, हे त्यांनी जाणले होते. ‘वीर बालक’ नावाचे नाटक त्यांनी लिहिले, ते याच तळमळीतून. ज्यांस वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंतही विचार पोहोचावा, हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे.

त्यांनी हे सर्व शून्यातून निर्माण केले असे म्हणणे मात्र यथार्थ होणार नाही. किसन फागूजी बनसोडे यांनी 1907 सालीच नागपुरात मुलींची शाळा काढली होती. जाईबाई चौधरी यांनी एकेकाळी नागपूर-कामठीच्या दरम्यान डोक्यावरून ओझी वाहिली. त्याच बाईंनी पुढे 1922 साली नागपुरात मुलींसाठी शाळा उघडली. एकाने लावलेल्या दिव्यावर दुसऱ्याने आपला दिवा लावला. बाबू हरदास हे या मालिकेतील आहेत. ही परंपरा समाजाने स्वतः उभी केलेली आहे आणि तिचा अभिमान आपण बाळगला पाहिजे.

येथे एक गोष्ट लिहिताना आम्हांस संकोच होतो. परंतु ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. बाबू हरदासांचा सर्वांत मोठा कटाक्ष पोटजातींच्या भिंतींवर होता. संत चोखामेळ्याच्या पुण्यतिथीस ते दरवर्षी सहभोजन घडवून आणीत आणि परस्परांच्या हातचे न खाणाऱ्या पोटजातींस एका पंगतीस बसवीत. ज्यांच्या आईबापांचा एकमेकांशी रोटीव्यवहार नाही, त्यांची मुले एका दिव्याखाली शिकणार कशी? तेव्हा पंगत आणि शाळा ही त्यांच्या दृष्टीने दोन कामे नव्हती. आज ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत आपण त्यांचे गुणगान करतो. त्यासोबत विवाह जुळविताना, पदाधिकारी निवडताना, शिष्यवृत्ती देताना पोटजात आपल्या मनात डोकावते की नाही, हेही आपणच आपणांस विचारावयास हवे.

त्यांचे पुढील राजकीय जीवन सर्वश्रुत आहे. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भेट झाली आणि ते त्यांचे निष्ठावंत सहकारी बनले. मे 1932 मध्ये अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद कामठीस भरली, तिच्या उभारणीत ते अग्रभागी होते. 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. 1937 च्या निवडणुकीत त्या पक्षाकडून नागपूर-कामठी मतदारसंघातून ते मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले. परंतु श्रमाने शरीर पोखरले होते. क्षयाने 12 जानेवारी 1939 रोजी त्यांचा अंत झाला. पस्तिसावा वाढदिवस होऊन सहाच दिवस लोटले होते. क्षयावर गुणकारी औषध निघण्यास तेव्हा आणखी काही वर्षांचा अवधी होता.

समाधीवर फुले वाहून आपण घरी परततो. त्या वाटेवर आम्हांस नेहमी असे वाटते की, बाबू हरदासांनी आपणांकडे फुले मागितली नसती. त्यांनी रात्रीचा एक तास मागितला असता. आज शाळा आहेत, वीज आहे, शिष्यवृत्त्या आहेत. तरीही दोन खोल्यांच्या घरात दहावीच्या मुलीस अभ्यासास कोपरा मिळत नाही. हुशार मुलाचा अर्ज केवळ वेळेवर कोणी भरून न दिल्याने राहून जातो. आपल्या समाजात निवृत्त शिक्षक आहेत, रेल्वेत नोकरी केलेले आहेत, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत हयात घालविलेले आहेत, पदवीधर सुना व लेकी आहेत. एकाने जागा द्यावी, दुसऱ्याने पुस्तके, तिसऱ्याने आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित शिकवावे. कोणा एकावर भार पडणार नाही आणि कोणी एक थकला तरी दिवा विझणार नाही. बाबू हरदासांची शाळाही कामठीच्या लोकांच्या साहाय्यानेच उभी राहिली होती.

पुढील जानेवारीत 6 तारखेस जयंती साजरी करताना आणि 12 तारखेस कन्हानच्या तीरी हात जोडताना प्रत्येक कुटुंबाने मधल्या सहा दिवसांत एवढा एक निश्चय करावा, अशी आमची सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे. त्या पुण्यात्म्याच्या रात्रशाळेत 108 विद्यार्थी होते. आपण आठांपासून आरंभ केला तरी पुष्कळ झाले.